भेळेचा हिशेब

जानेवारी महिना आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची धामधूम सुरू होते. नाच, नाटुकली, बक्षीस समारंभ हे सारे पूर्वापार चालत आले आहे. अलीकडे त्यात आणखी एका कार्यक्रमाची भर पडली आहे. कोणी त्याला 'आनंदबाजार' म्हणतात, कोणी 'बाल आनंद मेळावा', तर कोणी 'खरी कमाई'. पटांगणात बाके मांडली जातात, त्यांवर घरच्या चादरी अंथरल्या जातात आणि मुले वडापाव, भेळ, लिंबूसरबत, मेथीच्या जुड्या, असे काय काय विकायला बसतात. पालक कौतुकाने येतात, खिशात हात घालतात, मुलांचे फोटो काढतात. संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून नफ्याचे आकडे जाहीर होतात आणि मुलांना 'व्यवहारज्ञान' मिळाले म्हणून सगळे समाधानाने घरी जातात.

गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका बाजाराला जाण्याचा योग आला. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला अशा ठिकाणी पाहुणा म्हणून बोलावतात, नारळ देतात आणि शेवटी दोन शब्द बोलायला लावतात. सहावीतल्या पाच मुलींच्या भेळेच्या गाळ्यावर सर्वांत जास्त गर्दी होती. दहा रुपये बशी या दराने ४० बशा विकल्या गेल्या. मुख्याध्यापिका बाईंनी मोठ्या अभिमानाने जाहीर केले, "भेळ गट! विक्री ४०० रुपये, खर्च ९० रुपये, नफा ३१० रुपये!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या गणिती कानांना ते ९० रुपये खटकले. मी त्या गटाच्या प्रमुख मुलीला जवळ बोलावले.

"नव्वद रुपये कशाचे गं?"

"चुरमुरे आणि कागदी बशा, सर."

"आणि फरसाण?"

"ते घरात होतं."

"कांदे, बटाटे, कोथिंबीर?"

"तेही घरातलंच. चिंचेची चटणी आईने करून दिली. सामान रिक्षाने आणलं, त्याचे बाबांनी दिले."

मग आम्ही दोघांनी तिच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. फरसाण ११० रुपयांचे. कांदे, बटाटे, कोथिंबीर मिळून ६०. चिंच, गूळ, मिरच्या ३०. रिक्षा जाऊन-येऊन ४०. आधीचे ९० मिळवले तर एकूण खर्च ३३०. म्हणजे नफा राहिला ७० रुपये. तोवर गटातल्या बाकीच्या मुली भोवती जमल्या होत्या. मी विचारले, "आणि आईचे दोन तास? ते कुठे लिहायचे?" त्यावर मुलींत कुजबुज झाली. एकीची मावशी लोकांकडे स्वयंपाकाला जाते. तिच्या पगारावरून मुलींनीच ठरवले की तासाला ५० रुपये धरावेत. दोन तासांचे १००. सत्तरातून शंभर वजा केले आणि वहीच्या तळाशी आकडा आला, तोटा ३० रुपये. स्वतः पाच मुलींनी उन्हात घालवलेले तीन तास आम्ही धरलेच नव्हते.

त्या मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी तिच्या भेळेत माती कालवली असावी. मग हळूच म्हणाली, "सर, म्हणजे आम्ही हरलो का?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. नारळ घेऊन मी घरी आलो. पण तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

वाचक म्हणतील, मुलांच्या आनंदात हा म्हातारा कशाला बिब्बा घालतो? आनंद म्हणून बाजार भरवायचा असेल तर माझी तक्रार नाही. पण आपण त्याला व्यवहारज्ञान म्हणतो, मुलांना नफा झाल्याचे सांगतो. ज्या धंद्यात भांडवल आईबापांचे, माल घरातला, श्रम आईचे आणि गिऱ्हाईकही आईबापच, त्या धंद्यात नफा होणारच! त्या दिवशीच्या ४० बशांपैकी निम्म्याहून अधिक त्या पाच मुलींच्याच नातेवाइकांनी घेतल्या होत्या. अशा बाजारातून मुलगी काय शिकून जाते? पैसा सहज मिळतो, खर्च दुसरे कोणी तरी करते, आणि आईच्या कामाला किंमत नसते. यातली तिसरी गोष्ट तर ती आयुष्यभर विसरत नाही.

हे मी अधिकाराने बोलतो, ते गणित शिकवले म्हणून नव्हे. गणित येत असूनही फसलो म्हणून. १९९६ सालची गोष्ट. आमच्या शिक्षक खोलीत एक सहकारी गुळगुळीत कागदाची माहितीपत्रके घेऊन आले. सागवानाच्या लागवडीची योजना होती. आज हजार रुपये द्या, २० वर्षांनी पन्नास हजार घ्या. पत्रकावर हिरवीगार झाडे होती, झाडांखाली एक हसरे कुटुंब होते. त्याच दिवशी सकाळी मी नववीच्या वर्गाला चक्रवाढ व्याजाचे सूत्र शिकवून आलो होतो. लॉगॅरिथमची कोष्टके माझ्या खणात होती. ती काढून पाच मिनिटे बसलो असतो तर कळले असते, की हजाराचे २० वर्षांत पन्नास हजार व्हायचे तर दसादशे साडेएकवीस टक्क्यांहून अधिक चक्रवाढीने, एकही वर्ष न चुकता, पैसा वाढला पाहिजे. त्या वेळी भविष्य निर्वाह निधीवर १२ टक्के मिळत होते. झाड कुठले, ते कोण राखणार, वणवा लागला तर काय, वीस वर्षांनी ते कोण विकत घेणार, यांतला एकही प्रश्न मी विचारला नाही. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले वीस हजार रुपये दिले. तीन वर्षांत त्या कंपनीच्या कचेरीला कुलूप लागले. त्या पैशांतला एक रुपयाही परत आला नाही.

अशा लागवडीच्या कंपन्या तेव्हा देशभर शेकड्यांनी निघाल्या होत्या. पुढे १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांसाठी नियम केले. त्याच वर्षी महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांचे रक्षण करणारा कायदाही झाला. साखळी योजनांवर तर १९७८ पासून देशात बंदी आहे, आणि बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ साली आला. कायदे आले, तरी फसणारे फसतच राहिले. आणि त्यांत निरक्षर माणसेच असतात असे कुणी समजू नये. शिक्षक, बँकेतले निवृत्त लोक, डॉक्टर, सारे असतात. माझेच उदाहरण घ्या. मला चक्रवाढ व्याजाचे सूत्र पाठ होते. पण ते सूत्र म्हणजे माझ्या मते परीक्षेच्या पेपरातली गोष्ट होती. समोरच्या हसऱ्या कुटुंबाच्या चित्राला ते लावायचे असते, हे मला कुणी कधी करायला लावले नव्हते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत व्याज असते, नफा-तोटा असतो, शेकडेवारी असते. अमुकरावांनी तमुक रुपये दसादशे इतक्या दराने इतक्या वर्षांसाठी घेतले, तर रास किती? मूल उत्तर काढते, उत्तरापुढे 'रुपये' लिहायला विसरले तर अर्धा गुण जातो, आणि प्रकरण संपते. त्या अमुकरावांनी कर्ज का घेतले, घ्यावे की नाही, फेडता आले नाही तर काय झाले, हे गणिताला माहीत नसते. उदाहरणात सगळे आकडे दिलेले असतात. आयुष्यात मात्र आकडे आपणच शोधायचे असतात, आणि जो आकडा समोरचा सांगत नाही तोच नेमका महत्त्वाचा असतो. ही शोधाशोध करण्याची सवय फळ्यावरून लागत नाही. त्यासाठी मुलांना करून पाहावे लागते, चुकावे लागते. म्हणून मी खेळातल्या, लुटुपुटीच्या व्यवहाराच्या बाजूचा आहे. फक्त त्यात तोटा खरा असला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

करून शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. कताई करताना सुताची लांबी, कापसाचे वजन, वाया गेलेला माल, वेळ आणि मजुरी यांचा हिशेब मुलांच्या हातून व्हावा, गणित त्यातून यावे, अशी ती दृष्टी होती. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा या कल्पनेवर तेव्हाच टीका झाली, की अशाने शाळेचा कारखाना होईल. ती टीका मला आजही मोलाची वाटते. मुलांच्या हाती पैसा देताना त्यांच्याकडून कमाईची अपेक्षा करायची नाही, हे पथ्य तिथून घ्यावे. आणि वाया गेलेला मालही वहीत लिहायचा, ही शिस्तही तिथूनच घ्यावी.

खेळ म्हटला की माझ्या पिढीला मे महिन्याच्या सुट्टीतला 'व्यापार' आठवेल. दुपारभर चाळीच्या गॅलरीत पट मांडून आम्ही मुंबई, दिल्ली, कलकत्ता विकत घेत असू आणि धाकट्या भावंडांचे दिवाळे काढत असू. या खेळाच्या घराण्याची हकीकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली 'द लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या पटाचे पेटंट मिळवले. जमिनीची मालकी थोड्यांच्या हाती गेली की बाकीचे भाडे भरभरून कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळता खेळता उमगावे, हा बाईंचा हेतू. त्यांनी या खेळाचे नियमही दोन प्रकारचे केले. एका प्रकारात एकजण सगळ्यांना बुडवून जिंकतो. दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांनाच वाटा मिळतो. पुढे १९३५ साली 'मोनॉपली' या नावाने तो पट बाजारात गाजला, तेव्हा त्यात पहिलाच प्रकार उरला होता. जो धोका दाखवण्यासाठी खेळ निघाला, त्याच धोक्याचा मुलांना चटका लागला! सांगायचे काय, तर खेळातून मूल काय शिकते हे खेळाच्या नियमांवर ठरते, शिक्षकाच्या भाषणावर नाही. 'व्यापार'मध्ये सुरुवातीला सगळ्यांना सारखे पैसे मिळतात, फेरी पुरी झाली की आपोआप पगार मिळतो, आणि बँक कधी बुडत नाही. पटावर घाम गाळून कमावण्याचे घर कुठेच नाही.

मग नियम कसे असावेत? त्या भेळेच्या प्रश्नाने मला इतके छळले, की मी पुन्हा त्या मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो आणि त्याच सहावीच्या वर्गाचे पाच शनिवार मागून घेतले. बाईंनी ते आनंदाने दिले. वर्गात ४० मुले होती. त्यांचे सहा गट केले. वर्गाची एक बँक काढली आणि तिच्यात मी १८०० रुपये ठेवले. प्रत्येक गटाला ३०० रुपये कर्ज. बाजारानंतर ३१५ परत करायचे. बाकाचे भाडे २० रुपये. घरातून कांदा आणला तरी तो बाजारभावाने वहीत लिहायचा आणि पैसे घरी नेऊन द्यायचे. मोठ्या माणसांनी मदत केली तर तासाची मजुरी लिहायची. पालकांनी आपल्या मुलाच्या गाळ्यावर काही घ्यायचे नाही, आणि एका गिऱ्हाइकाने ३० रुपयांहून जास्त खर्च करायचा नाही. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की तोटा झाला तरी मुलांच्या घरून एक पैसाही घ्यायचा नाही. वर्गात मजुरांची मुले होती आणि दुकानदारांचीही. हा नियम नसता तर गरिबाच्या मुलाने बाजारात उभे राहण्याचे धाडसच केले नसते.

पहिल्या दोन शनिवारी फक्त भाव काढणे आणि अंदाज बांधणे चालले. त्या काळात मला एक मुलगा सापडला. सापडला म्हणतो, कारण गणिताच्या तासाला तो मागच्या बाकावर गप्प बसे. त्याच्या वडिलांची एसटी स्टँडजवळ भेळेची गाडी आहे. ही गोष्ट तो सहसा कुणाला सांगत नसे. एका गटाने सकाळीच दोन किलो कांदा चिरून आणायचे ठरवले, तेव्हा त्याला राहवले नाही. म्हणाला, "माझे बाबा आधी कांदा चिरत नाहीत. गिऱ्हाईक दिसलं की चिरतात. उरलेला चिरलेला कांदा कोण घेणार?" वर्ग त्याच्याकडे वळून पाहू लागला. मग त्याने उधारीची पाटी, बुडालेली उधारी, पावसाळ्यातली मंदी, सणाच्या आठवड्यातली तेजी असे कितीतरी सांगितले. मला जे सांगायला दोन शनिवार लागले असते, ते त्याने वीस मिनिटांत सांगितले. पुढच्या शनिवारी सहाही गट सल्ल्यासाठी त्याच्याकडे जाऊ लागले.

चौथ्या शनिवारी बाजार भरला. नेमके आभाळ आले होते. तीन गटांना नफा झाला, कुणाला चाळीस, कुणाला साठ रुपये. एका गटाचे हातातोंडाशी जमले. दोन गटांना तोटा झाला. त्यांत सरबतवाल्यांचे हाल सर्वांत वाईट. गार वाऱ्यात सरबत कोण पिणार? उरलेली लिंबे त्यांनी शाळेतल्या बाईंना पडेल भावाने विकली, तरी बँकेचे पैसे फिटेनात.

आणि मग पाचव्या शनिवारी जे घडले, ते मी कुठल्याही पुस्तकातून शिकवू शकलो नसतो. सरबतवाल्यांच्या कर्जाचे काय करायचे, यावर वर्गाची सभा भरली. एकजण म्हणाला, माफ करा, त्यांनी काही मुद्दाम केले नाही. दुसरी म्हणाली, मग आम्ही व्याज का भरायचे? तिसरा म्हणाला, माफ केले तर पुढच्या वेळी कुणाला द्यायला बँकेत पैसे कुठून येणार? एका मुलीने विचारले, आभाळ येणार हे त्यांना आधी कळले नसते का? त्यावर सरबत गटातला मुलगा चिडून म्हणाला, तुम्हाला तरी कळलं होतं का? पाऊण तास वाद झाला. शेवटी हात वर करून ठराव झाला, की व्याज सोडावे, मुद्दल वहीत ठेवावे आणि पुढच्या बाजारात फेडावे. कर्जमाफी, थकबाकी, पुनर्रचना हे शब्द त्या मुलांनी ऐकलेही नसतील. पण त्या शब्दांमागची घालमेल त्यांनी अनुभवली. उद्या वर्तमानपत्रात हे शब्द वाचताना त्यांना सरबत आठवेल.

याच पाच शनिवारांत एक खेळ मी मुद्दाम घेतला. प्रत्येकाला दहा चिंचोके दिले आणि एका मुलाला पुढे उभे करून सांगितले, "हा योजनेचा पहिला माणूस. जो सामील होईल त्याने आपल्याला आणणाऱ्याला दहा चिंचोके द्यायचे आणि आपण दोघांना आणायचे. म्हणजे दहाचे वीस!" वर्गात एकच उत्साह संचारला. पहिल्याने दोघांना आणले, दोघांनी चौघांना, चौघांनी आठ, आठांनी सोळा. आता सोळांना बत्तीस माणसे हवी होती. वर्गात उरली होती नऊ. त्या नऊ जणांना ओढण्यासाठी जी झोंबाझोंबी झाली ती पाहण्यासारखी होती. शेवटी मोजले. एकोणीस मुलांना फायदा, एक बरोबरीत, आणि वीस मुलांचे हात रिकामे. नेमका निम्मा वर्ग बुडाला होता. जितके चिंचोके वरच्यांनी मिळवले, तितकेच खालच्यांनी गमावले. योजनेत एक चिंचोकाही नवा तयार झाला नव्हता.

मला वाटले, धडा संपला. तेवढ्यात शेवटच्या नऊ जणांतली एक मुलगी आपल्या मैत्रिणीकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, हिने मला घेतलं. मी नको म्हणत होते." मैत्रिणीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "पण मला तरी कुठे माहीत होतं?" वर्ग शांत झाला. मला १९९६ ची शिक्षक खोली आठवली. माहितीपत्रक घेऊन आलेल्या त्या सहकाऱ्याचाही पैसा बुडाला होता, आणि आमचे बोलणे पुढे कितीतरी वर्षे तुटले होते. फसवणूक अनोळखी माणूस करतो असे आपण मुलांना सांगतो. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा विश्वासातल्या माणसाच्या हाताने घरात येते, आणि पैशाबरोबर तो विश्वासही घेऊन जाते. हे त्या दोघी मुलींना चिंचोक्यांवर कळले. माझ्या वेळी त्याची किंमत वीस हजार होती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. करून शिकवले म्हणजे सारे साधले, असेही नाही. काही ठिकाणी शेअर बाजाराच्या खेळाच्या स्पर्धा होतात. मुलांना लुटुपुटीचे लाख रुपये देतात आणि महिन्याभरात ज्याचे सर्वांत जास्त होतील त्याला ढाल. या स्पर्धेत शहाणपणाने वागणारा मुलगा कधीच जिंकत नाही. सगळे पैसे एका आकड्यावर लावणारा जिंकतो. हरला तर त्याचे काही जात नाही, म्हणून हात सैल सुटतो. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, मार्च २०२४ पर्यंतच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदे व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्या गर्दीत आणखी मुले पाठवण्याची तालीम शाळेने कशाला द्यावी? महिन्याच्या नफ्याला ढाल देण्याऐवजी, प्रत्येक निर्णयामागचे कारण वहीत लिहिणाऱ्याला ती द्यावी.

परदेशातला एक अनुभवही बोलका आहे, आणि त्याचा धागा मुंबईशी जुळतो. मुंबईत १९९१ साली जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केलेल्या 'मेलजोल'च्या कामातून 'अफलातून' हा मुलांसाठीचा उपक्रम उभा राहिला आणि पुढे अनेक देशांत गेला. आफ्रिकेतल्या घानामध्ये १३५ शाळांत संशोधकांनी तो तपासला. काही शाळांत पैशाबरोबर हक्क-जबाबदाऱ्यांचे, माणसांशी वागण्याचे शिक्षण होते. काही शाळांत फक्त पैशाचे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की दोन्हीकडे मुले शाळेतल्या कुलूपबंद पेटीत पैसे टाकू लागली. पण त्यांतले बरेचसे घरच्या डब्यातून शाळेच्या पेटीत आले होते. आणि जिथे फक्त पैशाचे शिक्षण दिले तिथली मुले, ज्या शाळांत काहीच शिकवले नव्हते तिथल्या मुलांपेक्षा जास्त कामाला लागलेली दिसली. संशोधकांनी या निष्कर्षाला मर्यादाही घातल्या आहेत. तरीही त्यातला इशारा आपण ऐकावा. पैसा एकटा शिकवला की तो मुलांच्या अंगात शिरतो. त्याच्याबरोबर न्याय, श्रम आणि शेजारी शिकवावा लागतो.

"एवढ्या कोवळ्या वयात मुलांना पैशाच्या मागे कशाला लावता?" असे विचारणारे पालक मला भेटतात. त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे. पण पैसा मुलांपर्यंत केव्हाच पोचला आहे. दहा वर्षांवरील मुलांना बँकेतले बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच दिली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि बघता बघता वाण्याच्या दुकानातली नोटांची देवघेव मुलांच्या नजरेआड गेली. आम्ही लहानपणी आईला कनवटीचे पैसे मोजताना, एखादी वस्तू उचलून परत ठेवताना पाहत असू. आजचे मूल काय पाहते? आई फोन पुढे धरते, 'टुंग' असा आवाज होतो आणि वस्तू घरी येते. पैसे गेले हे दिसतच नाही. जे घरात आपसूक दिसत होते, ते आता मुद्दाम दाखवावे लागेल.

त्यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तकही नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना मांडलीच आहे. त्यातले पाच दिवस या कामाला द्यावेत. आनंदबाजार भरतोच आहे, तोही भरवावा. फक्त संध्याकाळी विक्रीचा आकडा जाहीर करण्याऐवजी प्रत्येक गटाची वही भिंतीवर लावावी. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, आणि खर्चात आईची ओळ हवी. तोटा झालेल्या गटालाही बोलायला उभे करावे. पालकांना माझी हात जोडून विनंती एवढीच, की आपल्या मुलाचा उरलेला माल विकत घेऊ नका. उरलेली लिंबे त्याला पाहू द्या. बाराव्या वर्षी तीस रुपयांचा तोटा झाला तर त्याचा चटका सोसण्याइतका असतो. पस्तिसाव्या वर्षीचा तोटा घर घेऊन जातो.

पाच शनिवार संपले त्या दिवशी भेळवाल्या मुली मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या. त्यांच्या गटाला या खेपेस चाळीस रुपये नफा झाला होता. फरसाण कमी केले, कांदा ऐनवेळी चिरला आणि बशी बारा रुपयांना विकली, म्हणून. प्रमुख मुलीने वही दाखवली. आईच्या मजुरीपुढे १०० चा आकडा होता आणि तो खोडून ५० केला होता.

"का गं? आईची मजुरी का कमी केलीस?"

"कमी नाही केली, सर. या वेळी चटणी आम्ही केली. आई फक्त तासभर होती." मग थोडे थांबून म्हणाली, "पैसे दिले तर आधी घेईचना. म्हणाली, घरच्या कामाचे कसले पैसे? मग मी वही दाखवली. बराच वेळ बघत बसली. मग घेतले आणि डब्यात ठेवले."

पहिल्या दिवशी तिने विचारले होते, सर, आम्ही हरलो का? त्याचे उत्तर मी तिला अजून दिलेले नाही. तिने पुन्हा विचारलेही नाही.